मोहरीएवढी बाहुली

३ नोव्हेंबर १९०४
देवाच्या कृपेने जागेवर येऊन पोचलो. कारखान्याने दोन खोल्या दिल्या आहेत. भिंतींना ताजा चुना, कोपऱ्यात लोखंडी शेगडी, पूर्वेला मोठी खिडकी. सामान सोडायच्या आधीच ही खिडकीत बसून पाहून आली आणि शिवायला उजेड बरा आहे म्हणाली. लेकीला पहिलं मूल व्हायचं आहे. महिनाअखेर ही तिच्याकडे जाणार, तोवर दुपटी पुरी करायची आहेत. गावच्या शाळेत शिकलेल्या माणसाला पन्नाशीच्या उंबरठ्यावर खुर्चीची नोकरी मिळाली, यात माझं कर्तृत्व काही नाही.

४ नोव्हेंबर
कारखान्याच्या डॉक्टरांनी काम समजावलं. दहा वर्षांपूर्वी पिकावरच्या किडीचं औषध शोधताना कुणाला तरी एक पाणी सापडलं. त्याला ना रंग, ना वास. आधी कीड मेली, मग शोधणाऱ्याचा कुत्रा, आणि मग सैन्यखात्याचं पत्र आलं. आता ते इथे पिंपांत भरतात. पलीकडचा देशही भरतो म्हणे.

पाळी सुटली की फाटकाजवळच्या खोलीत मी दीडशे कामगारांचे डोळे पाहायचे. हनुवटी धरायची, दिवा बाजूला धरायचा, डोळ्यातली काळी बाहुली कार्डावरच्या ठिपक्यांशी ताडायची. विषाची पहिली खूण तिथे दिसते. बाहुली मोहरीएवढी झाली की सक्तीची रजा. तपासणीनंतर कामगारांनी आंघोळ करायची, कपडे तिथेच उकळायला टाकायचे. मी आत जात नाही, म्हणून मला तो नियम नाही.

९ नोव्हेंबर
पिंपांची झाकणं बसवणारा एक आहे, सगळे त्याला झाकण्या म्हणतात. हनुवटी पुढे करत म्हणाला, साहेब, सासऱ्याने मुलगी देताना मला इतकं निरखलं नव्हतं. मी म्हटलं, निरखलं असतं तर दिली नसती. सगळी रांग हसली.
थंडी वाढली. घरी आलो की माझा लोकरी कोट शेगडीजवळ टांगतो, सकाळी ऊबदार मिळतो.

१४ नोव्हेंबर
सुईत दोरा जात नाही, चाळिशी लागली, असं ही म्हणाली. मी म्हटलं, कुठेही निघायला तुला उशीरच, तशी चाळिशीही उशिरा आली. नाक गळतं आहे तिचं. माझा कोट पांघरायला दिला. याच्यासारखी ऊब गोधडीला नाही म्हणाली.

१८ नोव्हेंबर
तपासणीच्या खोलीतला दिवा मंद वाटतो. तेल बदलायला सांगितलं. तेल तेच आहे म्हणाले. झाकण्याने विचारलं, साहेब, आज नाकाला नाक का लावताय?
ही म्हणाली, लेकीकडे आत्ताच जाऊ का, तिथे बरं वाटेल. सर्दी उतरू दे, मग जा, असं मीच सांगितलं.

२१ नोव्हेंबर
हिची छाती भरून येते. गावातले वैद्य म्हणाले, गारठा आहे, खिडकी बंद ठेवा, ऊब द्या. खिडकी लावली. कोट गळ्यापर्यंत ओढून दिला. तीन रात्री तो पांघरूनच झोपते आहे.

२२ नोव्हेंबर
आज झाकण्याने गमतीने माझीच हनुवटी धरली. आता साहेबांची पाळी, म्हणाला. रांग हसत होती. मग तो हसायचा थांबला. कार्ड माझ्या हातात ठेवून बाजूला झाला.
घरी धावलो. हिला खिडकीपासून अंधाऱ्या कोपऱ्यात नेलं. अंधारात बाहुली मोठी व्हायला हवी.
झाली नाही. सुईच्या टोकाएवढी.
दीडशे जणांच्या अंगावरचं विष रोज कोटात घेऊन आलो. आणि मीच तो तिच्यावर —

२३ नोव्हेंबर
कोट बाहेर पुरला. खिडकी उघडली. डॉक्टरांच्या पाया पडलो. त्यांनी खाली पाहिलं. मारायचं कसं ते आम्हाला कळलं, म्हणाले, वाचवायचं कसं ते शोधायला कुणी अजून सांगितलेलं नाही.
गाडी मागितली, शहरातल्या इस्पितळासाठी. फाटकावरून परत पाठवलं. हुकूम आहे म्हणाले, तुम्ही दोघांनी आता कुठेही जायचं नाही. गोष्ट बाहेर फुटता कामा नये.

२४ नोव्हेंबर
तिला वाटतं सर्दीच आहे. सांगवत नाही. थंडी वाजते, कोट द्या म्हणाली. धुवायला दिला म्हटलं.
पापण्या फडफडतात. बोटंही. दुपटं हातातून सुटतं, ती पुन्हा उचलते —
देवाकडे काय मागू? त्याने तर दीडशे डोळे रोज दाखवले. हेच दोन मी —

२५, दुपार
अंधार झाला, दिवा लावा म्हणाली. ऊन तिच्या पायांवर आहे. लावला.
अजून वाढवा म्हणते. वाढवला —
श्वास थांबतो. मग येतो. मी अंक मोजतो. मघाशी आठ. आता अकरा —
माझंही अक्षर दिसेनासं —
तिने हात पुढे केला आहे. चाचपडते आहे. इथेच आहे म्हटलं. धरला —
बारा. तेरा. चौदा. पंध