ग्वेनिलीचं पुढचं शीड

पोर्झ-मेलेन,
मार्चअखेरचा मंगळवार

प्रिय रिवाल,

शुक्रवारी नोटरी कागद घेऊन इस्पितळातल्या तुझ्या खोलीवर येणार आणि आपल्या बोटीतला, ‘ग्वेनिली’तला तुझा निम्मा हिस्सा तू माझ्या नावे करून देणार, हे मला तुझ्या बायकोकडून कळलं. स्वाझिगने आपणहून सांगितलं नाही, मी तिच्या तोंडून काढून घेतलं. माझी खोड तुला ठाऊक आहे. कारण विचारलं तर म्हणाली, “तो म्हणतो, एका हाताच्या माणसाने बोटीवर करायचं काय? सामान म्हणून नेणार का मला?” हे पत्र शुक्रवारच्या आत तुझ्यापर्यंत पोचायला हवं, म्हणून आज दुकान बंद ठेवून बसलोय. तर ऐक. गेले तीन आठवडे तुला न विचारता मी एक उद्योग केलाय. आपल्या पुढच्या शिडाला गुंडाळी बसवली, मागे बसल्या जागी शीड गुंडाळायची. हो, तीच. शिव्या घालून झाल्या की पुढे वाच.

चौतीस वर्षं आपण त्या वस्तूला हसलो. तू तिला न्हाणीघराचा पडदा म्हणायचास, आणि ती बसवलेली बोट शेजारून गेली की मी टोपी काढून “आंघोळ झाली का?” असं विचारायचो. आपलं म्हणणं साधं होतं. वारा वाढला की माणसाने नाळेवर जावं, बोटीच्या त्या उडत्या टोकावर गुडघे टेकावेत, दोन-चार लाटा थोबाडावर घ्याव्यात आणि मोठं शीड उतरवून लहान चढवावं. नाळेवर नेहमी तू जायचास, सुकाणू माझ्याकडे. तू शाळामास्तर असून आणि मी सार्डिनच्या कारखान्यात पेट्या उचलत मोठा झालेला असून, ही वाटणी कशी पडली कोण जाणे. तीन वर्षांपूर्वी, सत्तरी उलटल्यावर, तू एकदा हळूच म्हणाला होतास, “गुलवेन, आता बसवूया का रे?” आणि मी घावनवालीच्या दुकानात सगळ्यांसमोर ओरडलो होतो, “ऐका हो, मास्तरांना पडदा हवाय!” सगळे हसले. तूही हसलास. पुन्हा कधी विषय काढला नाहीस.

काम तसं अवघड नाही, किचकट आहे. डोलकाठी उतरवून तिला नाळेशी धरून ठेवणारी पुढची तार काढली आणि नवी घातली. जुनी वरून चांगली दिसत होती, पण वाकवल्यावर आतून करकरली. त्या तारेवर खोबणी असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या एकापुढे एक ओवायच्या, खाली दोर गुंडाळायचा ढोल, वर फिरकी. शीड खोबणीतून वर चढतं आणि कायमचं वरच राहतं. ढोलाचा दोर ओढला की ते तारेभोवती गुंडाळलं जातं, सोडला की उलगडतं. शेवटची नळी मापाने कापायची होती. दुसऱ्यांच्या बोटींच्या तारा कापून-बसवून मी घर बांधलं, दुकान थाटलं. पण आपल्या बोटीची नळी कापताना करवत तीनदा उचलून खाली ठेवली. क्रेनवाला बेर्नेझ वरून ओरडला, “काय म्हातारबा, नळी कापताय की लेकीचे केस?” तोच बेर्नेझ नंतर पांढराफटक पडला. माहितीपुस्तकात एक गाठ समजावताना ज्याचं नाव घेतलं तरी बोट बुडते, त्या बिळातल्या लांब कानांच्या जनावराचं नाव चक्क छापलंय! बोटीवर! त्याने ते पान दोन बोटांनी फाडलं, धक्क्यावर नेऊन जाळलं आणि वर मला दम दिला, “पुढचं पान आधी घरी वाचून या.” त्यामुळे ती गाठ मी माझ्याच अकलेने मारलीय.

शिडाच्या कडेचे पितळी आकडे स्वाझिगने उसवले. खोबणीत जायला तिथे नवी पट्टी शिवायची होती. मी म्हटलं, शीडवाल्याकडे देतो, ती म्हणाली, “माझ्या नवऱ्याचं शीड आहे, मी बघते.” तुमच्या स्वयंपाकघरात टेबल, खुर्च्या, चूल, सगळ्यावर शीड पसरलेलं आणि ती मधोमध चष्मा नाकावर घेऊन बसलेली. मला लोणी लावून घावन दिलं, आणि “एक जरी डाग पाडलास तर तुलाच उसवीन” असंही बजावलं. आकडे डब्यात टाकता टाकता तिने कागदाची सगळी गोष्ट सांगितली. तू नोटरीला एक वाक्य मुद्दाम घालायला लावलंयस म्हणे: ‘ज्याने मला जिवंत बंदरात आणलं, त्याला.’ नोटरी म्हणाला, कायद्याला याची गरज नाही. तू म्हणालास, मला आहे. हे सांगताना ती रडली. मी दोरा आणायच्या निमित्ताने बाहेर गेलो आणि दोरा न घेताच परत आलो. 

गेल्या बुधवारी डोलकाठी परत उभी केली, आणि शनिवारी वारा नव्हता म्हणून बोट जमिनीवर असतानाच शीड चढवून पाहिलं. खाली बेर्नेझ, धक्क्यावरचे नेहमीचे चारजण आणि स्वाझिग. शीड छान उलगडलं. गुंडाळायला लागलो तर अर्ध्यावर अडलं. बेर्नेझ म्हणाला, “लावा की जोर, नवं आहे, घट्टच असणार.” मी दोर ताणायच्या चरख्याला घातला आणि एक वेढा ओढला. वरून बारीक आवाज आला, दातांत वाळू यावी तसा. मी हात काढला. वर चढून पाहिलं, तर शीड वर ओढायचा दोर फिरकीबरोबर फिरून तारेला विळखा घालून बसलेला. आणखी दोन वेढे ओढले असते तर तार पिळून तुटली असती. चूक माझीच, तो दोर तारेला चिकटून चालला होता, त्याला डोलकाठीकडे जरा मागे ओढून धरायला हवं होतं. एक लहानशी कडी बसवली, आता लोण्यासारखं फिरतं. धक्क्यावरच्यांनी मनसोक्त दात काढले. “चाळीस वर्षं लोकांना तारा बांधायला शिकवलंत, आता आमच्याकडे शिकवणी लावा.” लावीन म्हटलं.

गुंडाळीचा दोर साधारण डावीकडून मागे आणतात. मी उजवीकडून आणलाय. सुकाणूपाशी बसलास की तो तुझ्या उजव्या हाताखाली येतो, आणि शेवटी दातांचा चाप आहे. ओढलंस की तो आपोआप धरून ठेवतो, दुसरा हात लागत नाही. मी माझा डावा हात पट्ट्याने पाठीला बांधून दिवसभर करून पाहिलं. जमतं. तेव्हा एका हाताच्या माणसाने बोटीवर काय करायचं, हा प्रश्न निकालात निघाला. तुझं एक कारण मी खोडलं. दुसरं कारण ते वाक्य, आणि खरं तर हे पत्र त्याच्यासाठी आहे.

ऑगस्टमधल्या त्या दुपारी तू नाळेवरून मला हाक मारलीस आणि तुझे शब्द लटपटले. मी ऐकलं. “काय मास्तर, सायडर चढली का?” म्हणालो आणि हसलो. तू पुन्हा काहीतरी बोललास आणि शिडाच्या ढिगावर बसून राहिलास, डावा हात लोंबत होता. हा अर्धांगाचा झटका आहे हे तेव्हा मला कळलं, रिवाल, आणि मी कळलं नाही असं ठरवलं. बंदराचा उत्सव होता, धक्का माणसांनी भरलेला, वारा नेमका आतून समोर येणारा, आणि आपला नियम, घरच्या बंदरात मशीन लावून शिरायचं नाही. मी तिरक्या फेऱ्या मारत शिडावर आत आलो. चाळीस मिनिटं लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मशीन चालू झाली नाही, असं मी डॉक्टरांना सांगितलं, स्वाझिगला सांगितलं, आणि तुला बोललेलं समजायला लागलं तेव्हा तुलाही सांगितलं. मशीन ठणठणीत होती. मी किल्लीला हातच लावला नाही, रेडिओलाही नाही. डॉक्टर म्हणाले होते की अर्धा-पाऊण तास आधी आला असता तर हात कदाचित वाचला असता. तेव्हा मी तिथे उभा होतो. सात महिने हे वाक्य माझ्याजवळ आहे. गुंडाळीने त्याची भरपाई होत नाही, मला येत होतं तेवढं मी केलं. आता तुझ्या कागदावरचं कारण खोटं आहे आणि ते तुला मी पुरवलंय, म्हणून तो कागद माझ्याने घेववणार नाही. बोट ठेव, विक, स्वाझिगच्या नावे कर, माझं तोंड पुन्हा बघू नकोस, तू म्हणशील ते. स्वाझिगला अजून काही माहीत नाही. तिला सांगायचं की नाही हे तू ठरव, मी पुन्हा खोटं बोलणार नाही. अकरा एप्रिलला भरतीला बेर्नेझ ग्वेनिली पाण्यात सोडेल. दोर कसा धरायचा हे मी स्वाझिगला शिकवून ठेवलंय, म्हणजे तुम्ही दोघं माझ्याशिवायही जाऊ शकाल. मी नको असेन तर तसं कळव. त्या दिवशी धक्क्यावरही येणार नाही.

तुझाच, आणि शुक्रवारपर्यंत तरी निम्म्याच बोटीचा,
गुलवेन