वंदना म्हटल्याबद्दल दिलेल्या इंजेक्शनांबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
निर्धार मनोरुग्ण उपचार केंद्र,
कोल्हापूर.

विषय : अर्जदाराची पत्नी सरुबाई हिच्या केसपेपरवरील चुकीच्या नोंदी खोडून इंजेक्शने तात्काळ थांबवणेबाबत.

संदर्भ : दि. ४ व ९ सप्टेंबर रोजीचे तोंडी निवेदन, जे आपण फोनवर बोलता बोलता ऐकलेत.

महोदय,

१. अर्जदार अण्णासो शिंगे, तालुका शिरोळ, हा तीस वर्षे हायस्कुलात शिपाई आहे. साहेबांच्या टेबलावर गेलेल्या अर्जाचे पुढे काय होते, हे त्याला पाठ आहे. म्हणून हा अर्ज हातात घेऊन तो आपल्या दारात उभा आहे.

२. अर्जदाराचा मुलगा प्रसेनजीत गेल्या वर्षीच्या पुरात वाहून गेला. तेव्हापासून सरुबाईने बोलणे टाकले. अन्न गेले, झोप गेली. १ ऑगस्टला तिला आपल्याकडे दाखल केले. अर्जदाराचा भरवसा औषधांवरच होता. गंडेदोरे त्याच्या घरातून १९५६ सालीच बाहेर गेले.

३. दि. २ सप्टेंबरला सकाळी सरुबाई खाटेवर उठून बसली, हात जोडले आणि त्रिसरण-पंचशील म्हणू लागली. हे कुटुंब बौद्ध आहे. ही त्यांची रोजची वंदना, ती पालीत असते. प्रसेनजीतला ती सरुबाईनेच मांडीवर घेऊन शिकवली होती. वॉर्डातील आयाबाई तानाबाई धावत दारापर्यंत आल्या : "पावणं, बाई बोलाय लागल्या की! कसलं मंतर हाय ठावं न्हाय, पर घडाघडा म्हणत्यात!" वर्षानंतर तिचा आवाज फुटला होता. अर्जदार व्हरांड्यात बसून रडला, हे लिहायला त्याला लाज वाटत नाही.

४. त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांनी खाटेला अडकवलेल्या केसपेपरवर लिहिले : "अगम्य भाषेत असंबद्ध बडबड. आजार बळावला." इंजेक्शन दुप्पट झाले.

५. दि. ८ रोजी वॉर्डात सत्यनारायण घातला. सरुबाईने प्रसाद घेतला नाही. एवढेच म्हणाली, "आमच्यात घेत न्हाईत बाई, राग मानू नका." नोंद झाली : "अन्नात विष असल्याचा संशय." इंजेक्शन तिप्पट. त्याच पूजेत पुरोहितांनी दीड तास संस्कृत म्हटले. डॉक्टरसाहेबांसह कोणालाही त्यातले अक्षर कळले नाही. तरी पुरोहितांना चौघांनी धरून सुई टोचल्याचे अर्जदाराच्या पाहण्यात नाही. नियम सर्वांना एकच असल्यास ते राहून गेलेले इंजेक्शन देऊन घ्यावे.

६. अर्जदाराने विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुमच्या समाजातलं आम्हाला काय माहीत?" माहीत नसणे हा गुन्हा नव्हे. पण अर्जदार चाळीस दिवस त्याच दाराबाहेरच्या बाकावर बसून होता. विचारायला किती पावले लागली असती?

७. तरी दोन्ही नोंदी खोडाव्यात, वाढवलेले इंजेक्शन बंद करावे आणि यापुढे तपासणीच्या वेळी घरचे माणूस जवळ बसू द्यावे. ही मेहेरबानी म्हणून मागितलेली नाही.

८. काल अर्जदार तिला भेटला. घरी वंदनेची पहिली ओळ तो म्हणतो, दुसरी ती, अशी लग्नापासूनची रीत आहे. त्याने पहिली ओळ म्हटली आणि थांबला. सरुबाई भिंतीकडे बघत राहिली. ओठही हलले नाहीत. केसपेपरवर कालची ताजी नोंद आहे : "रुग्ण शांत. समाधानकारक सुधारणा."

उत्तर घेतल्याशिवाय न हलणारा,
अण्णासो शिंगे
दि. १४ सप्टेंबर २००६

सोबत : वंदनेचे पुस्तक, प्रत एक. वाचून परत करावे. ते सरुबाईचे आहे.