मी न सोडलेला सूर

मी, येसाजी धोंडू गुरव, वय अंदाजे बासष्ट, धंदा पूर्वी नाटक मंडळीत ऑर्गन वाजवणे व हल्ली घरी बसून खोकणे, राहणार भिसेगाव, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्कल ठिकाणावर आहे. कोणी धाकदपटशा केलेला नाही. या घरात धाक फक्त बायकोचा, आणि ती आत्ता विहिरीवर गेली आहे. डॉक्टरांनी छाती तपासली आणि माझ्याशी न बोलता तिच्याशी बोलले, तेव्हा समजायचे ते मी समजलो.

कलम १. भिसेगावचे राहते घर, परसातल्या फणसासह, माझी पत्नी अंबूबाई हिला द्यावे. ती आहे तोवर तिला तिथून कोणी हलवू नये. माझ्या संगीत नाटकांचा तिने जन्मभर मनापासून कंटाळा केला. लग्नानंतर पहिलेच नाटक पाहिले आणि घरी येताच विचारले, "अवो, त्याच्या पोटात तरवार घुसली व्हती, मंग तो गात कसा व्हता?"

कलम २. लोधिवलीची भातजमीन पुतण्या पोपट याला द्यावी. शेजाऱ्याने बांध दोन हात आत सरकवला आहे. त्यावरून मी सुरू केलेले भांडण पोपटने नेटाने चालू ठेवावे. मला नाटकांच्या दौऱ्यांमुळे पुरेसा वेळ देता आला नाही.

कलम ३. माळ्यावरच्या ट्रंकेतल्या नाटकांच्या जाहिराती न्हाणीच्या चुलीत घालाव्यात. प्रत्येकीत माझे नाव सर्वांत खाली आहे, बत्त्या लावणाऱ्याच्याही खाली. मंडळीचे मालक वारले, त्यामुळे त्यांना जे ऐकवायचे होते ते राहून गेले.

कलम ४. माझा ऑर्गन जैतू गोमा, राहणार ठाकरवाडी, पळसदरी, याला द्यावा. याचे कारण लिहिल्याशिवाय हे कलम पुरे होत नाही, आणि खरे तर याच कलमासाठी मी कागद पुढे ओढला आहे.

मंडळीचा मुक्काम कर्जतला असताना जैतू मंडपासाठी बांबू घेऊन आला होता. बांबू रचता रचता त्याने आमच्या नटाचे पद म्हटले, आणि त्या नटापेक्षा चांगले म्हटले. त्याला अक्षर येत नव्हते. 'संगीत कंकणशपथ' या आमच्या नाटकातली राजाची सगळी पदे मी त्याच्याकडून तोंडी बसवून घेतली. वनवासाला निघालेला राजा मुलीचा निरोप घेतो ते पद तो म्हणू लागला की पुढच्या रांगेतले सावकारसुद्धा उपरण्याने डोळे पुसत.

आमची दोघांची एक रीत होती. पद संपल्यावर प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' दिला, तर मी शेवटचा सूर धरून ठेवायचा. सूर चालू आहे म्हणजे पद पुन्हा घ्यायचे. सूर सुटला की पुढचे भाषण. बत्त्यांच्या झगझगाटात त्याला माणसे दिसत नसत, आणि गलका कसला आहे तेही कळत नसे. तो फक्त माझा सूर ऐके. अठरा वर्षांत एकदाही चुकला नाही.

सन १९३४ साली मुंबईच्या एका कंपनीने या नाटकाचा बोलपट काढायला घेतला. राजाचे काम जैतूला मिळाले आणि त्याच्या साथीला मला बोलावले. पहिल्याच दिवशी दिग्दर्शकांनी जैतूला विचारले, "गाणं कुणाकडे शिकलात?" तो म्हणाला, "आयशीकडं. भागी तिचं नाव. रानात लाकडं आनाया जायचो तवा." मी हातभर अंतरावर उभा होतो. माझे नाव त्याच्या तोंडी आले नाही. एवढेच घडले होते. आज लिहिताना ते किती लहान दिसते! त्या दिवशी मात्र मला दुपारचा घास गेला नाही.

चित्र आणि आवाज एकदमच घेत. आम्ही साथीदार रंगवलेल्या पडद्यामागे बसलो होतो. ठरले असे होते की पद एकदाच व्हावे, मी सूर सोडावा आणि राजाने मुलीकडे वळून बोलावे. जैतू सुंदर गायला. मी सूर सोडला नाही. पाय भात्यावर, बोट पट्टीवर, तसाच बसून राहिलो. इतरांना वाटले, राजा बोलायला लागेपर्यंत मी सूर भरतो आहे. जैतूने ऐकले आणि पद पुन्हा सुरू केले.

चित्रण थांबले. त्याला समजावले. दुसऱ्या वेळी मी तेच केले. मग तो पडद्यामागे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, सूर सोडताय ना तुमी? माज्या कानात चालूच ऱ्हातो."

मी म्हणालो, "केव्हाच सोडला. तुझंच ध्यान नाही."

त्याने कानात बोट घालून डोके हलवले आणि म्हणाला, "असंल. कानच बिघडला असंल." तिसऱ्या वेळी पद संपल्यावर तो थांबला, माझ्या दिशेने पाहत राहिला, बोलावे की गावे ते त्याला समजेना, आणि त्याचे तोंड तसेच उघडे राहिले. संध्याकाळच्या आत त्याचे काम दुसऱ्याकडे गेले. जाताना माझ्या पाया पडून गेला. नव्या नटाला मीच साथ केली, आणि त्याच्यासाठी सूर अगदी वेळेवर सोडला.

जैतू परत वाडीवर गेला. कोणी गा म्हटले तर म्हणे, कान गेला माझा. पोरीच्या लग्नातही तो गायला नाही. माणसाचे काम गेले तर दुसरे मिळते. मी त्याचा स्वतःच्या कानावरचा भरवसा घालवला. मी नीच वागलो. त्याहून गुळगुळीत शब्द मी शोधून पाहिला, सापडला नाही.

बोलपट चांगला झाला, हेही लिहिले पाहिजे. बत्तीस पदांची नऊ झाली, गोष्ट पळू लागली. कर्जतला तंबूत लागला तेव्हा नाटकाला नाक मुरडणारेसुद्धा दोनदोनदा गेले. अंबू जन्मात पहिल्यांदा शेवटपर्यंत बसली. वाटेत म्हणाली, "गानी कमी केली ह्ये लय बरं झालं. पर तो राजा गाया लागला की पोरीकडं बगतच नाय. आपला जैतू बगायचा. त्याला का नाय घेतला वो?" मी म्हणालो, त्याचा कान बिघडला होता. म्हणजे हे खोटे मी दोनदा बोललो.

कलम ५. मी मेल्यावर वरचे कलम जैतूला वाचून दाखवावे, असे मी प्रथम लिहिले होते. ते खोडले आहे. मेल्यावर सांगणे म्हणजे पुन्हा पडद्यामागेच बसणे झाले. म्हणून आज सकाळी पोपटला पाठवून जैतूला वाडीवरून बोलावून घेतले आणि सगळे मीच वाचून दाखवले. शेजारचे त्र्यंबकराव टिपणीस साक्षीसाठी आले होते, त्यांच्यासमोर वाचले. अंबू दारात उभी होती. तिने हातातला हंडा खाली ठेवला आणि आत निघून गेली.

जैतूने विचारले, "म्हंजे सूर चालूच व्हता?"

"चालू होता."

"तीनी डाव?"

"तिन्ही वेळा. तुझा कान बरोबर होता."

"ह्ये कागदात लिवलंय?"

"लिहिलंय."

तो म्हणाला, "पेटी नको मला. अंगठा कुटं लावू?" त्र्यंबकरावांनी त्याला समजावले की ज्याला काही मिळायचे त्याने साक्ष घालू नये, पुढे तंटे होतात, ऑर्गन हवा असेल तर साक्ष दुसऱ्याची घेऊ. तो म्हणाला, "अवो, म्हनूनच तर नको म्हनतो."

सबब कलम ४ मधील देणगी मी रद्द करतो. त्यातली हकिकत रद्द करत नाही. ऑर्गन कोणाला द्यावा हे मला आता सुचत नाही, अंबूने ठरवावे. तिने तो फोडून चुलीत घातला तरी माझी हरकत नाही.

सह्यांसाठी दौत पुढे घेतली तेव्हा मी जैतूला विचारले, "मला माफ केलंस का रं?"

तो म्हणाला, "मी साक्षीला आलोय, मास्तर."

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहिले, वाचले आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष त्यावर सही केली.

मुक्काम भिसेगाव, तारीख ९ फेब्रुवारी सन १९३८, शके १८५९, माघ मास.

येसाजी धोंडू गुरव, सही दस्तुरखुद्द

साक्षीदार:
त्र्यंबक रघुनाथ टिपणीस, राहणार भिसेगाव, सही
जैतू गोमा, राहणार ठाकरवाडी, पळसदरी, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. मजकूर कानांनी ऐकला.