जागा कुणी सांगितली?

ला फोंतबेल,
गुरुवार, ९ ऑक्टोबर

प्रिय फेर्नां,

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकू नकोस, इथे कुणी गेलेलं नाही. मी बरी आहे. पाऊस यायच्या आधी उजवा गुडघा कुरकुरतो, तेवढंच. तुम्ही सगळे खुशाल असाल. झालं, रीतीप्रमाणे विचारून झालं. तू तुझ्या वाट्याचं रान विकलंस आणि त्या माणसाने आपली चेस्टनटची झाडं आडवी करून पाइनच्या रांगा लावल्या, तेव्हापासून मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. पण एक गोष्ट विचारायची आहे. ती शेवटी विचारीन, कारण आधी विचारली तर तू पुढचं वाचायचा नाहीस.

चॅपलची किल्ली अजून माझ्याकडेच असते. उन्हाळ्यात पाहुणे येतात, किल्ली मागतात, भिंतीवरचं पुसट चित्र बघतात, लाकडी संताला नाक नाही म्हणून हळहळतात आणि नदीपलीकडच्या पडक्या किल्ल्याकडे निघून जातात. ऑक्टोबरात मात्र चिटपाखरू फिरकत नाही. म्हणून गेल्या आठवड्यात सकाळी सकाळी एक पोरगी दारात उभी राहिली, तेव्हाच मला खटकलं.

विशी-पंचविशीची असेल. चालायचे जाड बूट, पाठीला पिशवी.

"नमस्कार मादाम. चॅपल बघायचं होतं."

"बघ की. पण बघण्यासारखं काय आहे त्यात?"

"मला जुन्या दगडांची आवड आहे."

जुन्या दगडांची आवड! या वयात! मी किल्ली दिली, पण खिडकीचा पडदा थोडा सरकवून बसले. बाई आत गेली ती जेवणवेळेला बाहेर आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. दुपारी ती हिंडायची, आणि ते मला समजत होतं. किल्ल्यावर चढायची, माळावरच्या त्या मोठ्या उभ्या शिळेला टेकून पाव आणि चीज खायची, नदीत पाय सोडून बसायची. हवाही अशी पडली आहे की मलासुद्धा घरात बसवत नाही. पण बिननाकाच्या संतापुढे रोज सगळी सकाळ काय करायचं असतं?

मागच्या वर्षी शेजारच्या गावातली मारियामातेची मूर्ती दिवसाढवळ्या चोरीला गेली. माझी खात्रीच पटली. मी मारियुसला गाठलं. (आपला मारियुसच, ज्याने लहानपणी तुला डुकराच्या खुराड्यात कोंडलं होतं. आता त्याचं पोट सुटलंय आणि पाहुण्यांना खोल्या भाड्याने देतो.) ती पोरगी त्याच्याकडेच उतरली होती.

"नाव काय तिचं?" मी विचारलं.

"रूसेल."

"सामान केवढं आहे? मूर्ती मावेल एवढी पेटी आहे का?"

"आर्लेत, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं गं. गुन्हेगार उपाशी मेले असते."

"हसू नकोस. ती काहीतरी चोरतेय."

"चोरतेय तर," तो म्हणाला आणि मिश्या पुसत जवळ सरकला. "पण संत नाही. सेप! माझ्या खिडकीत दोऱ्यात ओवून वाळत घातल्यात. काय एकेक अळंबी आहे, माझ्या मुठीएवढी! कुठून आणतेस विचारलं तर गोड हसते. पॅरिसच्या पोरीला आठवड्यात सापडतात, आणि मी इथे साठ वर्षं रान तुडवतोय! आमच्या आजोबांनी अळंब्यांची जागा सांगायच्या आधीच डोळे मिटले, म्हातारा शेवटपर्यंत म्हणत होता, अजून वेळ आहे. आणि त्याचंही बरोबरच होतं म्हणा. आपल्याकडे माणूस जागा सांगायला लागला की डॉक्टरला परत पाठवावं आणि पाद्र्याला बोलवावं."

मी हसले नाही. एवढ्या मोठ्या सेप या बाजूला एकाच ठिकाणी उगवतात, आणि ते ठिकाण कुठे आहे हे तुला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी किल्ली दिली, थोडा वेळ जाऊ दिला आणि मागोमाग चॅपलमध्ये शिरले. आत कुणी नव्हतं. संत जागच्या जागी होता. मागच्या खोलीतलं छोटं दार तेवढं अर्धवट उघडं होतं.

ते दार, फेर्नां! कडी वर उचलून खालच्या फळीला गुडघा मारल्याशिवाय ते उघडत नाही. सगळ्या गावाला ते गंजून बसलंय असंच वाटतं. बाबा प्रत्येक शरदात रोज सकाळी चॅपलमध्ये जायचे, कोटाखाली पिशवी लपवून, पुढच्या दाराने आत आणि मागच्या दाराने रानात. पाद्रीबाबा प्रवचनात त्यांच्या भक्तीचा दाखला द्यायचे आणि आई पहिल्या बाकावर बसून अभिमानाने डोळे पुसायची. तिलासुद्धा शेवटपर्यंत कळलं नाही. आपल्यालाही बाबांनी ते कधी सांगितलं, आठवतंय ना? अंथरुणाला खिळल्यावर. आईला सूप आणायला पाठवलं, तुला दार लावायला लावलं आणि मग सांगितलं. तू रडत होतास आणि बाबा तुझ्यावर ओरडत होते, "रडू नकोस, ऐक. गुडघा कुठे मारायचा ते ऐक."

ते दार उघडं पाहून पहिला विचार माझ्या मनात काय आला, तेही सांगते. वाटलं, रान विकून याचं भागलं नाही, आता जागाही विकली. मला तुझा इतका राग आला की चालताना मी मोठ्याने बोलत होते. ओढ्याच्या वरच्या अंगाला, बाबांच्या त्या वाकड्या ओकजवळ मी झुडपामागे थांबले. या वयात, या गुडघ्यानिशी.

ती पोरगी खाली बसली होती. तिने एक सेप बुडाशी कापली, उपटली नाही. कापलेल्या जागेवर शेवाळ ओढलं, वर पाचोळा पसरला. मग इकडेतिकडे शोधून चेस्टनटचं काटेरी बोंड उचललं आणि बरोबर मध्ये ठेवलं, तोंड खाली करून, बाबा ठेवायचे तसंच. काटा बोचला तशी बोट तोंडात घालून, गुरं हाकताना बाबा द्यायचे ती शिवी तिने दिली. ती शिवी बाबा गेल्यापासून मी फक्त एकाच माणसाच्या तोंडी ऐकलेली आहे.

मी पुढे झाले नाही. मला होता आलंच नाही. तुझ्या मुलीला मी शेवटचं पाहिलं तेव्हा ती माझ्या स्वयंपाकघरात टेबलाखाली बसून अक्रोड फोडत होती आणि बाहेर यायला तयार नव्हती. रूसेल हे तुझ्या बायकोचं माहेरचं आडनाव. मला उठताबसता सगळं खटकतं, आणि नेमकं हेच खटकलं नाही.

संध्याकाळी ती किल्ली परत द्यायला आली. मी तिला आत बसवलं, अक्रोडाची वाइन दिली. जेवायलाही थांबवणार होते, पण ते संशयास्पद वाटलं असतं.

"इतक्या सेप वाळवून काय करणार?" मी विचारलं.

ती लाल झाली. "एका माणसासाठी नेतेय. त्यांना फक्त वास घ्यायचाय."

"खात नाहीत?"

"हल्ली जेवण जात नाही त्यांना."

"वडील काय करतात तुझे?"

"रेल्वेत होते. आता घरीच असतात."

"तब्येत?"

"बरी आहे, मादाम," ती म्हणाली, आणि हातातली किल्ली उलटीसुलटी करून बघत राहिली.

लहानपणी खोटं बोलताना तूही असाच हातातल्या वस्तूकडे बघायचास. मी तिला आणखी काही विचारलं नाही. तिला तू गप्प राहायला सांगितलं असणार आणि ती बिचारी शब्द पाळतेय. दाराशी जाऊन ती वळली आणि म्हणाली, "उद्याचा शेवटचा दिवस. किल्ली मिळेल ना?" मी म्हटलं, मिळेल. ती गेल्यावर मी खूप रडले. ते तुला सांगायचं नव्हतं, पण लिहून गेले.

आता ती गोष्ट. जागा तिला कुणी सांगितली, हे मी विचारत नाही, ते मला कळलं. का सांगितलीस, ते सांग. आपल्या घरात जागा कधी सांगतात हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. मी तुझ्यापेक्षा मोठी आहे, माझा गुडघा गेलाय, रात्री दम लागतो, तरी मी अजून तोंड उघडलेलं नाही. मग तुला कसली घाई झाली होती?

हे पत्र उद्या तिच्याच हाती देते. किल्ली देताना सांगणार आहे की मला मादाम म्हणू नकोस, आत्या म्हण. शनिवारची चॅपलची किल्ली मी मारियुसकडे ठेवतेय. होय, मारियुसकडे. संताचं काय व्हायचं ते होवो. शनिवारच्या सकाळच्या गाडीने मी तुझ्याकडे येते. ताज्या सेप, लसूण, बदकाची चरबी आणि आईची काळी कढई घेऊन येते. तुझ्या बायकोला म्हणावं, स्वयंपाकघर मोकळं ठेव.

त्याआधी टेलिफोन कर आणि मला सांग, की तुला काही झालेलं नाही, तू निव्वळ हावरटपणाने पोरीला चोरी करायला पाठवलीस. तुझ्या शब्दावर आजवर मी कधी विश्वास ठेवलेला नाही, फेर्नां. या वेळी ठेवीन.

तुझी ताई,
आर्लेत