बिनभाड्याचं घर, उत्तरेचं ऊन

४ मे
घर मिळालं! ला पाझमध्ये! मी कामाला आहे त्या दुकानातले सगळे दर महिन्याला भाडं मोजतात आणि दर महिन्याला रडतात. मी भाडं देणार नाही. आयुष्यभराची बचत घरमालक फाउस्तोशेठकडे ठेवली. दोन वर्षांनी जशीच्या तशी परत, तोवर राहणं फुकट. पद्धत जुनीच आहे, पण ती नीट अभ्यासून वापरणारा बहुधा मी पहिलाच. हवा, आवाज, उतार, शेजार, सगळं जातीने तपासलं. खिडक्या उत्तरेला, आणि विषुववृत्ताच्या या बाजूला हिवाळ्यात, म्हणजे मे ते ऑगस्ट, सूर्य उत्तरेकडूनच जातो. म्हणजे हिवाळाभर ऊन.

बायकोला, एनेइदाला, खाली गरम रिबेराल्ताला फोन केला. घर केवढं, कसलं, काही विचारलं नाही तिने. ऊन येतं का, एवढंच. म्हटलं, येतं म्हणजे? लोणी झाकून ठेवावं लागेल. म्हणाली, २३ ऑगस्टला पाहायला येते. ऊन नसेल तर पुढच्या विमानाने परत, आणि मग तू तिकडे, मी इकडे.

बावीस वर्षांचा संसार. पण ऊन आहे. चिंता नाही.

११ मे, सकाळी ८
कोवळ्या उन्हात बसून लिहितोय. माझ्या खिडकीसमोरच्या, शेजारच्या हिलारियाबाईंच्या एकमजली घरापुढे सिमेंटच्या गोण्या आल्या. पाण्याची टाकी असणार. नाही, वर एक खोली काढतेय म्हणाल्या, इंजिनियर.

मला इंजिनियर म्हणाल्या. मी वजनकाटे दुरुस्त करतो. सगळं स्वतः शिकलेला. चूक सुधारणार होतो, पण चूक होती कुठे?

२० मे
भिंत वाकडी. खिडकीतून दिसत होती, जेवण जाईना. ओळंबा घेऊन गेलो. गवंडी एउलोखियो म्हणाला, वाकडी नाही हो, डोंगराकडे बघतेय. अशांच्या हाती शहर आहे! बाईंना कॉलम कसे हवेत ते काढून दिलं: जाड, सळया दुप्पट. किती मजले झेलतील, त्यांनी विचारलं. म्हटलं, वर आणखी तीन, डोळे मिटून. बाई बराच वेळ आकाशाकडे बघत राहिल्या. मग मला शेंगदाण्याचं सूप वाढलं. दोनदा.

७ जून
पहिला मजला झाला. भिंत अगदी सुतात. ऊन आता अकराला येतं. सकाळचं ऊन तसंही माझ्या डोळ्यांना सोसत नाही.

२२ जून
दुसऱ्या मजल्याच्या भिंती. ऊन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, एक चहा होईपर्यंत. आज बांधकाम थांबवा म्हणून ठणकावून सांगायला गेलो. वाक्य पाठ होतं. बाईंनी दारातच हात धरले. इंजिनियर, स्लॅबचे धर्मबाप तुम्हीच व्हा, तुमच्याशिवाय हे घर उभंच राहिलं नसतं!

धर्मबाप! नव्या शहरात, इतक्यात! इथे स्लॅबलाही मानाचा धर्मबाप लागतो, आणि बिअरचे क्रेट त्यानेच आणायचे असतात. आणीन.

वाक्य पुढच्या वेळी.

१३ जुलै
काल स्लॅब. केसांत अजून रंगीत कागद आहेत. वर बँड, चारी कोपऱ्यांना बिअर, आधी धरणीमातेला, मग आम्हाला. हिलारियाबाई घागरे फिरवत नाचल्या. मी नाचलो. एउलोखियोने गळ्यात कागदी माळा घातल्या, म्हणाला, बोला धर्मबाप! समोर बर्फाचा इलिमानी डोंगर, डोक्यावर ऊन, आणि काय ऊन! मी हात वर करून ओरडलो, चढवा अजून एक मजला!

केवढ्या टाळ्या पडल्या.

२ ऑगस्ट
चढवला. ऊन: नाही. घरात टोपी, स्वेटर, मोजे. फाउस्तोशेठकडे गेलो, म्हटलं, रक्कम द्या, घर बदलतो. म्हणाले, रक्कम एकदम सुरक्षित आहे, तिची मिनीबस घेतली. रोज वर पठारावरच्या एल आल्तोला चढते, उतरते. हात करा, तुम्हाला फुकट नेईल. पण दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं.

माणूस प्रामाणिक वाटला.

९ ऑगस्ट
उपाय सापडला. कपाटाचा आरसा काढून रस्त्यापलीकडच्या खांबाला बांधला. कोन गणिताने काढला. ऊन वळलं, पण वर गिलावा करणाऱ्या एउलोखियोच्या तोंडावर. ओरडला, इंजिनियर, चेहरा शेकून झाला, आता जरा पाठीला द्या!

तत्त्व सिद्ध झालं. सूर्यच जागेवर थांबत नाही.

२३ ऑगस्ट
एनेइदा आली. भिंतीला हात लावला, काढून घेतला. भाडं शून्य कसं ते मी समजावत होतो. तिने विचारलं, ऊन? मी खिडकीतून वर बोट दाखवलं. तिसऱ्या मजल्यावर हिलारियाबाई डोळे मिटून ऊन खात बसल्या होत्या. एनेइदाने बॅग उचलली. विमानतळावर का, विचारलं. म्हणाली, थांब, वर विचारून येते.

२४ ऑगस्ट
परत गेली नाही! माझ्या निवडीवर तिचा विश्वास आहेच. तिने तिसरा मजला घेतला. भाड्याने. धर्मबापाची बायको म्हणून सवलत मिळाली. मी तत्त्व सांगितलं की मी भाडं देत नाही. म्हणाली, तू देऊच नकोस, मी देते, चीजचे पाव विकून. तू राहा की तुझ्या फुकटात.

१४ सप्टेंबर, सकाळी १०
एनेइदाच्या खिडकीत लिहितोय. रोज येतो. बूट बाहेर काढतो. पावांना रांग लागते. आज एका गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, हे कोण? वही मिटून ओळख करून द्यायला उठलो. एनेइदा भट्टीतून मान न काढताच म्हणाली, खालचे शेजारी आहेत, उन्हाला येतात.

उठलोच होतो, तर त्या गिऱ्हाईक बाईंनी माझी उन्हातली खुर्ची घेतली.