तीन मिनिटांत अख्खी वाडी

मु. वरची वाडी, ता. पोलादपूर
माघ महिना, भर दुपार

ती. वैशालीआत्यास,

संजीवनीचा वाकून नमस्कार. सगळ्यात आधी सांगते, घाबरू नकोस, इकडे कोणी गेलेलं नाही. आपल्या घरातून पत्र आलेलं पाहून तुला तेच वाटलं असेल, म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहिलं. सगळे जिवंत आहेत आणि आपापल्या परीने कुरकुरत आहेत. बाबांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, आई बारा महिने कुरकुरते, म्हैस गाभण आहे म्हणून तिचं ऐकून घ्यावं लागतं. तुम्ही तिघं मजेत असाल असं धरून चालते. धम्मपाल यांना नमस्कार सांग (आत्याच्या यजमानांना आपल्याकडे मामा म्हणतात, पण मी त्यांना आजवर काहीच म्हटलेलं नाही, तेव्हा काय म्हणायचं ते तूच ठरव). समीक्षाला गोड पापा.

तू गेलीस तेव्हा मी चौथीत होते. लग्न कोणाशी केलंस यावरून वाडीने तुझं नाव घेणं सोडलं आणि आपल्या घरानेही सोडलं, एवढं मला तेव्हाही कळत होतं. तुझा पत्ता आईकडून घेतला. तिला तो पाठ आहे, हे मला याच आठवड्यात समजलं. फोन केला नाही याला दोन कारणं. एक म्हणजे तुझा आवाज ऐकून मी नुसती हं हं करत बसले असते. दुसरं म्हणजे माझ्या फोनमध्ये सध्या अख्खी वाडी भरलेली आहे आणि एक मिस कॉल मावेल इतकीही जागा त्यात उरलेली नाही. ही वाडी फोनमध्ये कशी शिरली तेच सांगायला बसले आहे. चहा ठेव, लांबण लागणार आहे.

मी महाडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. यंदा विद्यापीठाने एक नवा विषय आणलाय, ‘डिजिटल मीडिया निर्मिती : परिचय’. मी तो घेतला कारण दुसरा पर्याय योगासनांचा होता आणि त्याचा तास सकाळी सातला. (आपल्याकडून सकाळी सातला महाडात पोचायचं तर आदल्या दिवशीच निघायला हवं.) शिवाय या विषयाच्या लॅबला एसी आहे, असं माझा वर्गमित्र प्रवीण म्हणाला होता. प्रवीण तुडीलचा. एसी आहे हे खरं, पण तो कंप्युटरांसाठी आहे, त्यामुळे कंप्युटर बसतात आत आणि आम्ही बहुतेक वेळ बाहेर. शिकवायला सुहास सर, ठाण्याहून आलेले, हातात सदैव काळ्या कॉफीचा मग. प्रकल्प असा की तीन मिनिटांची फिल्म करायची, आणि निम्मे गुण तिलाच. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘एक माणूस निवडा, बाकी सगळं कापा.’ बाबांनी घरी न लिहिताच सांगून टाकलं, की नापास झालीस तर कॉलेज बंद, म्हशीला डिजिटल काय लागत नाय. म्हणजे मी दोन्ही बाजूंनी बांधलेली.

माणूस मी झटक्यात निवडला, आपली गोदूबाई. तिच्या शेळ्या तुझ्या वेळी होत्याच, पण आता तिने त्यांना तिची मुलं मुंबईत जिथे जिथे भाड्याने राहिली त्या जागांची नावं दिली आहेत. त्यामुळे डोंगरावर संध्याकाळी ‘ए विक्रोळी, खाली उतर गो’ आणि ‘कळव्याला कोनी मारलान रं’ असं चाललेलं असतं. ही फिल्म बिघडूच शकत नव्हती. प्रवीण आणि मी दोन दिवस तिच्यामागे फिरलो, कंप्युटरवर कापाकापी केली, तीन मिनिटं बरोबर जमली आणि आनंदाच्या भरात आम्ही ती देवळात भिंतीवर चादर लावून वाडीला दाखवली. इथेच चुकलं.

तीन मिनिटं सगळे खूश होते. विक्रोळी कड्यावरून उतरली तेव्हा टाळ्या पडल्या. मग फिल्म संपली आणि कोणी उठेना. सगळे शांतपणे पुढची वाट बघत बसले. शेवटी कोंडाजीआजोबा (गावकीचे पुढारी अजून तेच आहेत, आवाज तोच, दात नवे) म्हणाले, आता आमचं लाव. मी म्हटलं, एवढंच आहे. कोंडाजीआजोबांनी विचारलं, शिमग्याला पालखी एकाच घरी जाते काय? पालखी मानाप्रमाणं सगळ्यांच्या दारात जाते, एक घर वगळलं तर त्या घरानं गुन्हा काय केला ते गावकीला सांगावं लागतं. मग आमचा गुन्हा सांग. मी गोदूबाईकडे आशेने पाहिलं, तर ती सगळ्यांत जास्त रडवेली. म्हणाली, ‘मला एकटीलाच काय म्हनून धरलंस गो? मी काय चोरी केली?’

मग बैठक बसली आणि ठराव झाला. कॅमेरा पालखीसारखा मानाने फिरेल, एकही घर वगळणार नाही, आणि वाडीचं माणूस वाडीच्या पिक्चरातून कोणी कापायचं नाही. माना हलल्या, सुपारी फुटली. आत्या, मी खांबाला टेकून बसले होते आणि मला तू आठवलीस. हे लोक काय बोलतायत ते त्यांचं त्यांना ऐकू येतंय का, असं वाटलं आणि मला फार राग आला. पण मी तेव्हा काही बोलले नाही, कारण गोदूबाईची फिल्म आता द्यायची सोय नव्हती, वाडीशिवाय दुसरी होणार नव्हती आणि मला पास व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून कॅमेरा फिरू लागला. कॅमेरा कॉलेजचा (त्यातलं सगळं मी रोज माझ्या फोनमध्ये उतरवून घ्यायची), तिवईही कॉलेजची, तीन पायांची, तिच्यावर तो बसतो. तिला पहिल्या मानाच्या घरी ओवाळलं गेलं, पायांवर पाणी घातलं गेलं आणि हार घातला गेला. कोंडाजीआजोबांच्या मंडळींनी प्रवीणला विचारलं, ह्याचं कपाळ कुठं असतं? तो वर बोट दाखवेपर्यंत त्यांनी बरोब्बर मध्ये, लेन्सवर, कुंकू लावलं होतं. ते आमच्या लक्षात आलं सातव्या घरी. (सरांनी ते पाहून विचारलं, सुरुवातीच्या प्रत्येक दृश्यात उगवता सूर्य ठेवण्याची कल्पना तुझी का? मी हो म्हटलं.) एका घरी तिवईची ओटी भरली. खण तिच्या एका पायाला बांधून तसाच राहिला, आणि कॉलेजात परत देताना लॅबवाल्यांनी तो काय आहे म्हणून लेखी विचारलं. कोंडाजीआजोबा कॅमेऱ्यासमोर पणजोबांपासून सुरू झाले. त्यांच्या बोलण्यात आजोबा आले तेव्हा ऊन होतं, वडील आले तेव्हा दिवस मावळला आणि ते स्वतः पूर्ण अंधारात जन्मले. त्यातच वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाचा सेक्रेटरी राजू याने तिकडून फोनवर हुकूम सोडला, की सुरुवातीला मंडळाच्या पदाधिकाऱ्यांची नावं हुद्द्यासकट यायला हवीत. सोबत स्वतःचा काळ्या चष्म्यातला फोटो पाठवला, एका गाडीला टेकून. गाडी त्याची नाही.

आता एवढं सगळं तीन मिनिटांत कोंबायचं कसं? प्रवीण म्हणाला, कापायचं नाही ना, मग पळवू. आम्ही सगळं पळवलं. वाडी अशी धावली की काय सांगू. कोंडाजीआजोबांच्या चार पिढ्या शिंक यायच्या आत संपल्या, त्यांचा आवाज पिल्लू शेळीसारखा, बायका ओवाळताना पंखा फिरावा तशा. सरांनी दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, आमची वाडी. सर म्हणाले, एवढी कसली घाई आहे त्यांना? मग मला तिथे लॅबच्या दारातच रडू फुटलं आणि मी सरांना पालखी, मान, ठराव सगळं सांगितलं. सरांनी कॉफी बाजूला ठेवली. मग म्हणाले, कापायचं नाही ना? मग कापूच नकोस. कॅमेरा एकदा चालू कर, सगळ्यांना ओळीने समोरून जाऊ दे, आणि तीन मिनिटांनी बंद कर. एक शेवटची संधी देतो.

मग देवळासमोर अख्खी वाडी मानाप्रमाणे रांगेत. घरटी एकाने पुढे यायचं, घरात कोण कोण आहे ती नावं घ्यायची आणि बाजूला व्हायचं. कोंडाजीआजोबांनी शिट्टी मारून तालीम घेतली (शिट्टी शाळेची, त्यांच्याकडे कशी आली हे विचारायचं नाही). पहिल्या खेपेला कोंबड्याने सगळ्यांच्या आधी स्वतःचं नाव सांगितलं. दुसऱ्या खेपेला विक्रोळीने माईकवरचं स्पंजचं बोंडलं खाल्लं. तिसऱ्या खेपेला सगळं लोण्यासारखं चाललं. आपलं घर मानात शेवटून दुसरं, तुला माहीतच आहे. बाबा पुढे आले, धुतलेला सदरा, टोपी सरळ. म्हणाले, ‘महिपत. मंडळी सुमन. पोरगी संजीवनी, ती पाठी हाय, कॅमेऱ्यावर.’ आता बाजूला व्हायचं होतं. ते झाले नाहीत. घसा खाकरला आणि म्हणाले, ‘भैन वैशाली. मुंबयला हाय. जावय धम्मपाल. भाची समीक्षा.’ आणि मग बाजूला झाले.

समीक्षाचं नाव त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हतं. माझा हात तिवईवर होता आणि तो हलला. कोंडाजीआजोबा नुसते समोर बघत राहिले आणि मग त्यांनी शिट्टी मारली, पुढचा चला. पुढची गोदूबाई. तिने मुलांची, सुनांची आणि मग न विचारता सगळ्या शेळ्यांची नावं घेतली, आणि तिथे तीन मिनिटं संपली.

राजूला कोणीतरी लगेच कळवलंच. त्याचा कोंडाजीआजोबांना फोन आला, की ते मधलं तेवढं काढून टाका, मंडळाचं नाव जातंय. आत्या, मी तिथेच होते. आजोबांनी फोन कानापासून हातभर लांब धरला (ते तसाच धरतात) आणि म्हणाले, ‘ठराव झालाय. कापायचं नाय म्हंजे नाय.’ तो आणखी काही बोलत होता, पण ह्यांनी फोन खिशात टाकला, चालू असतानाच. त्यांना हे मनापासून पटलंय, का ते स्वतःच्याच ठरावात अडकलेत, ते मला सांगता येत नाही. पण कंप्युटरवर कापायचं म्हटलं तरी आता कोणाला न कळता कापता येत नाही, कारण सगळं एका दमात घेतलंय.

मी पास झाले. शेवटी कॅमेरा हलला म्हणून सरांनी एक गुण कापला आणि शेरा मारला, ‘जिचं नाव घेतलं ती वैशाली दिसत नाही. का?’ तो शेरा तुझ्यासाठी इथे उतरवलाय. कळावे, लोभ तुझा होताच, तो तसाच असेल असं समजून आहे.

तुझी भाची,
संजीवनी

ता. क. : हे पत्र मुख्यतः एका मेमरी कार्डासाठी लिहिलं आहे. तिकडे चांगली मिळतात म्हणे. जमल्यास धाडावं.

ता. क. दुसरा : मेमरी कार्ड राहू दे. शिमग्याला पालखी वाडीत फिरेल त्या संध्याकाळी देवळात ही फिल्म लावायची आहे, मुंबईकरांसकट सगळे असतील. तू ये. तिघंही या. सगळे नीट वागतील असं वचन मी देऊ शकत नाही, राजू तर तोंड फिरवूनच बसेल. पण भिंतीवर तुझं नाव येईल तेव्हा तू तिथे बसलेली असावीस असं मला फार वाटतं. बाबांना या पत्राबद्दल काहीही माहीत नाही, तेव्हा उत्तर कॉलेजच्या पत्त्यावर पाठव.

ता. क. तिसरा : बाबांना माहीत झालं. मी म्हशीला पाणी दाखवायला गेले तेवढ्यात त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, उभ्याउभ्याच. मला वाटलं, आता फाडणार. त्यांनी एवढंच विचारलं, ‘उतरायचं कुठं ते लिवलंस?’ मी म्हटलं, तिचा जन्म इथला, तिला काय सांगायचं. तर म्हणाले, ती गेली तवा रस्ता नव्हता, ती जुन्या फाट्यालाच उतरंल आन् पोरीला घेऊन डोंगर चढत बसंल. तेव्हा लिहिते. जुन्या फाट्याला उतरू नकोस. पुढे नवा पूल आहे, तिथे उतर, तिथून रस्ता थेट वाडीपर्यंत झालाय. कुठल्या गाडीने येणार ते कळव, असं मी लिहिणार होते, पण ते नको म्हणाले. म्हणाले, तिला कशाला घाई करायची, मी सकाळपासनं पुलावर हाय.