चित्रात सरकलेली बाभळ

भीमेचा काठ, करमाळा तालुका

ती. दादा, तुला आणि वहिनीला नमस्कार.

काठावर रेंज नाही, म्हणून पत्र. मी बरा आहे, दोन्ही वेळा जेवतो. काम मात्र होत नाही.

रोज सकाळी नदीकाठी स्टँड उभा करून चित्र काढायला बसतो, तर लोकांना वाटलं, मोजणीवाला आला. जोतीराम ताक आणतो आणि शेजारचा उदयसिंह शेंगा. दोघांचं बांधावरून जुनं भांडण आहे. मी चित्रकार आहे हे सांगून सांगून तोंड दुखलं.

काल कहर झाला. बांधावरची बाभळ नदीच्या आड येत होती, म्हणून चित्रात जरा डावीकडं घेतली. उदयसिंह म्हणाला, "बाभळ माज्या रानात कशी काय आली?" जोतीराम म्हणाला, "फोटू काढून द्या की, तलाठ्याला दावतो." दोघं हमरीतुमरीवर आले. शेवटी वैतागून रंग खरवडला आणि बाभळ होती तिथंच काढली. आता नदी दिसत नाही, पण गाव शांत आहे.

वहिनीचा गुडघा कसा आहे? डॉक्टरला दाखवलं का?

आपल्या वाटण्या झाल्या त्या वर्षी मी मैंदर्गीच्या रानाचं चित्र तुला दिलं होतं. त्यात आपल्या दोघांच्या बांधावरचा लिंब मी तुझ्या रानात सरकवला होता, आईशप्पथ, फक्त चित्र बरं दिसावं म्हणून. सहा वर्षं तू त्या चित्रासमोर बसून जेवतोस आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीस.

तुझा धाकटा,
अभिमन्यू